पंधरा रुपयांचं माहेर

दर सणाला माहेरी गेलं की धाकटा भाऊ आधी साडी देतो आणि मग कागद पुढं करतो. "अक्का, नुसती सही कर. जमिनीवरलं नाव कमी केलं म्हणून माहेर तुटतंय व्हय?" भाऊ पुढारी आहे. महिला दिनाला त्याचं भाषण ऐकून बायका डोळे पुसतात, मीही एकदा टाळ्या वाजवून आलेय. वडील गेल्यावर सात एकरावर आईचं, त्याचं आणि माझं अशी तीन नावं लागली, तेव्हापासून माझं नाव त्याच्या डोळ्यात सलतंय.

मी साडी घेते, पुरणपोळी हाणते, "चष्मा घरीच राहिला बाई," म्हणते आणि सासरी घाटनांदूरला परत येते. आल्या आल्या मोबाईलवर पंधरा रुपये भरायचे आणि सातबारा उतरवून घ्यायचा. सातबाऱ्यावर कमी केलेलं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात. माझ्या नावाला कंस नाही एवढं बघितलं की मग चहा. भावाच्या मायेची खात्री, तीही घरबसल्या, पंधरा रुपयांत! नवरा म्हणतो, "लई संशयी हायस तू." म्हणलं, तुमच्या गुटख्यापेक्षा स्वस्तात पडतोय माझा संशय.

परवा आई राहायला आली. मी भाकरी थापत होते आणि ती शेजारी बसून लेकाचं कौतुक सांगत होती.

"गेल्या दिवाळीत कपिलधारला नेलतं मला, दर्शनाला. गाडीत पुढं बसवलं. येताना बीडात एका हापिसात थांबलो. तिथं माझा फोटो काढला, आंगठा घेतला. बाटलीतलं पाणी पाजलं बघ. लई जपतंय लेकरू."

भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. पिठाच्या हातानंच मोबाईल घेतला आणि पंधरा रुपये भरले. माझं नाव जिथल्या तिथं होतं. त्याच्या वर आईचं, कंसात.

मग मोबाईलमधले जुने सातबारे उघडले. आखितीचा, पंचमीचा, राखीचा. तिन्हींवर आई कंसातच होती. दर वेळी पैसे मोजून मी फक्त माझी एक ओळ वाचली होती. वा गं हुशार! भावाला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण आधी माझीच लाज वाटली.

"एवढं काय बघतीस गं?" आईनं विचारलं.

"सातबारा."

"तुझं नाव हाय ना?"

"हाय."

"मग झालं तर." तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ओढून घेतली.

"आणि तुझं गं, आई?"

"माझं कशाला बघायचं?" ती हसली. "माझं तर घरच हाय ते."