गल्ली झोपली आणि मी बी.ए. झालो

आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो, कारण विचारायची वाट बघत बसलं की लोक भलतंच काहीतरी विचारतात. वडील हातमागावर लुगडी विणायचे, आजा विणायचा, त्याच्या आधीचं कुणाला ठाऊक नाही, पण तोही विणतच असणार. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. मी पुण्याला शिकलो आणि पहिल्या खेपेला बी.ए.ला नापास झालो. तेही अतिशय कष्ट करून.

ते कष्ट कसले, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे काम करणं म्हणजे जागेवरून न उठणं. वडील सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की दिवेलागणीपर्यंत तिथंच. भाकरी तिथंच, चहा तिथंच, शेजाऱ्याशी भांडण काढायचं असलं तरी तिथूनच, आडव्या धाग्याचा धोटा फेकता फेकता. पुण्यात मीही तसाच अभ्यास केला. झोप येऊ नये म्हणून पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवून बसायचो. पाय जागे राहिले, बाकीचा मी झोपलो. कालच वाचलेलं पान आज अगदी नवं वाटायचं, आणि मी समजायचो की विषयाची गोडी वाढतेय. पेपर लिहायला बसलो तेव्हा डोक्यात सर्दी तेवढी होती.

निकाल घेऊन घरी आलो. घरात दोन माग होते. आजा गेल्यापासून दुसऱ्या मागाचा खड्डा रिकामा होता आणि आई त्यात कांदे ठेवायची. वडलांनी कांदे बाहेर काढले, खड्डा झाडला, सारवला आणि मग तोंड उघडलं.

"कालेजात जायाचं संपलंय न्हवं? आता घरी बसून वाच नि परत परीक्षा दे. पास झालास तर चांगलंच. न्हाय तर ह्यो हाय."

मागावर बसायला मला कमीपणा वाटत नव्हता, आजही वाटत नाही. पण माझं विणकाम वाईट होतं. लहानपणी मी विणलेला तुकडा आईनं चुलीवरचं भांडं उतरवायला घेतला आणि हात भाजून घेतला. मी जन्मभर लुगडी विणली असती तर त्यात बायाबापड्यांचे हाल होते. म्हणून मला पास होणं भाग होतं.

वडलांचे थोरले बंधू शेजारीच राहायचे. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची आणि त्यांचं ऐकायची. त्यांनी माझ्या नापास होण्याचं निदान केलं.

"ह्या मागांच्या खटखटीत पोराच्या डोस्क्यात काय शिरणार?"

"आप्पा, मी नापास पुण्यात झालो. तिथं खटखट नव्हती."

"ल्हानपणापासनं बसलीया ती कानात. पुण्याला जाऊन काय निघती व्हय?"

ठरलं असं की मिलचा दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की गल्लीतले सगळे माग बंद करायचे, ते परतीचा भोंगा होईपर्यंत. तेवढा वेळ पोराला शांतता. समोर मोमीन विणकरांचं घर होतं, तिथले चाचा म्हणाले, "और हम क्या करना तब तक?"

"गप बसायचं."

"गप बैठना तो मेरे बाप कू बी नै आया, आप्पा."

पण तेही कबूल झाले. पलीकडच्या गल्लीत एक मॅट्रिक झालेला होता आणि तो फार वर मान करून चालायचा. त्यामुळं आमच्या गल्लीला बी.ए. पाहिजेच होता.

पहिल्या दुपारी भोंगा झाला, माग थांबले आणि गल्लीतली झाडून सगळी तान्ही पोरं दचकून जागी झाली आणि रडायला लागली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती मागाच्या आवाजात जन्मली होती, शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. माझंही तेच. आढ्यावरची पाल ऐकू यायला लागली. पुस्तकाची ओळ काही पुढं सरकेना. एवढ्यात आप्पा दारात आले.

"आवाज येईना."

"कसला?"

"अभ्यासाचा. आमी माग बंद ठिवलेत की. ऐकू तर येऊ दे."

मागणी रास्त होती. मी उंबऱ्याजवळ बसून मोठ्यानं इंग्रजी वाचायला लागलो. पहिल्या पानाला पोरं गप झाली. दुसऱ्या पानाला त्यांच्या आया लवंडल्या. पुढं पुढं मला अंदाज आला की अर्थशास्त्राला लहान मुलं झोपतात आणि तर्कशास्त्राला म्हातारे. कोपऱ्यावर तेलुगू बोलणारी एक आजी होती, तिला मात्र काहीही चालायचं. थोडं वाचून मान वर केली की ओट्यावर, लिंबाखाली, मागाच्या कडेला सगळी गल्ली आडवी झालेली दिसायची. ऐकायला कुणी शिल्लक नसल्यावर वाचायचं कुणासाठी? मीही पुस्तक मिटून पडायचो. भोंगा झाला की सगळे उठून तोंडावर पाणी मारायचे, आणि समोरून चाचांचा आवाज यायचा, "आज क्या पढ्या रे? समझ्या कुछ नै, लेकिन नींद अच्छी आई देखो!"

माग सुरू झाले की माझं डोकं सुरू व्हायचं. त्या खटखटीत मी पोसलेला. झोपून उठल्यावर वाचलेलं एकदाच वाचावं लागायचं. मग मी ठरवूनच टाकलं. सकाळी एक विषय, संध्याकाळी दुसरा, मधे झोप, आणि जेवताना पुस्तक नाही. जेवताना आमटीकडे बघायचं. आमटी बघण्यासारखी असते हे मला पदवीच्या परीक्षेपर्यंत ठाऊक नव्हतं.

घरातही फरक पडला. वडील खड्ड्यातून उठून पाटावर जेवायला बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांचा डावा हात उगाचच धोटा फेकायची दोरी शोधत होता.

"बसलायसा तर नीट जेवा की," आई म्हणाली. "मी बी वाढून घेते."

ती दोघं एका वेळी जेवलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. लुगडी कमी निघतील म्हणून वडील धास्तावले होते. तसं काही झालं नाही. पूर्वी दुपारी डोळ्यांवर झापड यायची, धागे तुटायचे, मग तुटलेलं टोक शोधण्यात आणि ते कुणामुळं तुटलं यावर वाद घालण्यात दुपार जायची. तीच दुपार आता झोपेत जात होती, एवढंच.

मला आडपडदा जमत नाही. एक दिवस मी सरळ आप्पांकडे गेलो. ते नुकतेच उठले होते, गालावर चटईची नक्षी होती.

"आप्पा, दुपारी माग चालू ठेवले तरी चालतंय. मी दुपारी झोपतोय. माझा अभ्यास खटखटीतच होतोय."

आप्पांनी दारातून गल्लीत दोन्हीकडे बघून घेतलं.

"ह्ये आनि कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नगंस. गल्ली म्हनंल, पोरगं वाया चाललं." मग चटई गुंडाळत म्हणाले, "उद्या त्ये तर्काचं वाच. अर्थाचं नगं, त्यानं मला जाग येती."

परीक्षेला पुण्याला गेलो. आदल्या दुपारी बाकीची मुलं व्हरांड्यात येरझाऱ्या घालत घोकत होती. मी खोलीत सतरंजी टाकून झोपलो. एकानं हलवून विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "अभ्यास चाललाय." तो बिचारा दार ओढून गेला.

निकाल वर्तमानपत्रात आला. पास, आणि नुसता नाही, दुसऱ्या वर्गात. वडलांनी कुणाला न सांगता खड्ड्यात पुन्हा कांदे भरले. आप्पांनी पेढे वाटले आणि पलीकडच्या गल्लीतल्या मॅट्रिकवाल्याला दोन दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला. काही माग थांबले, काही चालू राहिले. मग चालू होते ते थांबले आणि थांबले होते ते चालू झाले. शेवटी एकेकजण उठून आमच्या दाराशी आला. चाचा म्हणाले, "बी.ए. तो होगया. अब?"

"आता कशापायी थांबवायचं?" वडील म्हणाले. "झाला की पास."

पोराच्या परीक्षेसाठी माग थांबवणं वेगळं. स्वतःला झोप पाहिजे म्हणून थांबवणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचा होता. वडील मागाकडे वळले. आईनं दोन ताटं वाढली होती. ती त्यातलं एक उचलून, वडलांना खड्ड्यात नेऊन द्यावं म्हणून, उभी राहिली.

आप्पांनी मला विचारलं, "म्होरं काय असतंय रे?"

"नोकरी. शाळेत बोलणं झालंय माझं."

"त्ये न्हाय. परीक्षा. बी.ए.च्या म्होरं परीक्षा असती का न्हाय?"

पुन्हा पुस्तकाला हात लावायचा नाही, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. चाचांच्या काखेत चटई होती.

"एम.ए. असतं," मी म्हणालो.

"अवघड असतंय?"

"लई."

"घरी बसून हुतंय?"

"नोकरी करून, सुट्टीत दुपारी घरी येऊन करता येतं. पण वर्षं लागतात, आप्पा. कुणाकुणाला तर फार वर्षं लागतात."

आप्पा वडलांकडे वळले.

"ऐकलंस न्हवं? थांबीव माग. पोराला अभ्यास हाय."