मामाच्या हातावरच्या अक्षता

मीरा, जवळ ये बघू, ही मावशी कान धरते तुझा! लग्नाचं आमंत्रण सख्ख्या मामालाही मोबाइलवरच पाठवलंस?

सकाळी तुझ्या लग्नाच्या अक्षतांना कुंकू लावत होते. तो ओलसर वास आला आणि माझ्या लग्नाआधीची एक दुपार आठवली. माझा मामा इथे यशवंतपूरलाच राहायचा. "तो घरचाच, त्याला कसलं आमंत्रण?" असं म्हणून बाबांनी त्याला बोलावलंच नव्हतं. मामा माझ्या केळवणालाही आला नाही, तेव्हा आई मला घेऊन त्याच्याकडे गेली.

"अक्का, हिला बोहल्यावर आणायचं मी, आणि मुहूर्त मला शेजाऱ्यांकडून कळावा?" मामा म्हणाला.

आईने त्याच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. "चुकलं रे आमचं. तू नाही आलास तर हिच्या पाठीशी कोण उभं राहणार?"

"सरी, सरी, ठीक आहे" म्हणत मामाने अक्षता देवापुढे ठेवल्या आणि मला विचारलं, "शालू कुठल्या रंगाचा घेतलास गं?"

तेव्हा मला तो नुसता मानासाठी रुसलेला वाटला होता. आता वाटतं, शेजाऱ्यांनी विचारल्यावर काय सांगावं, ते बिचाऱ्याला सुचलं नसेल.

रविवारी तू आणि तुझा होणारा नवरा, दोघं इकडे या. जेवू आणि मिळूनच अक्षता घेऊन तुझ्या मामाकडे जाऊ. उशीर नका करू गं, लवकर या.