बेल्ट उतरला त्या दुपारी

लकवा मारल्यापासून अण्णांकडे एकच शब्द उरला होता. न्हाई. पाणी हवं असलं तरी न्हाई, झोप आली तरी न्हाई. अर्थ दुसऱ्यानं लावायचा, आणि लावणारी मी एकटी. आई केव्हाच गेलेली, भाऊ पुण्याला. बिलोलीतल्या घरात मी, माझी शाळेची नोकरी आणि वडील. दर महिन्याला त्यांना लातूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तेही त्यांच्याच जुन्या डिझेल गाडीतून. दुसरी गाडी आणली तर ते पाय आत टाकत नसत. याच गाडीत सवारी भरून त्यांनी बिलोली-धर्माबाद फेऱ्या करत आम्हाला शिकवलं होतं.

कित्येक महिने स्टेअरिंग जडच होतं, म्हणून आदल्याच आठवड्यात गाडीला पावर स्टेअरिंगचा नवा पंप बसवून घेतला होता. उदगीर सोडल्यापासून बॉनेटमधून किरकिर येऊ लागली. पोचू कसंबसं, असं म्हणत मी चालवत राहिले. लातुरात क्लासेसच्या गल्लीत वळले आणि आत काहीतरी फटकन वाजलं. स्टेअरिंग दगड झालं. क्लास नुकताच सुटलेला. पुढं सायकली, मागं ऑटो, दोन्ही अंगांना स्कुट्या. सगळं अंग टाकून ओढलं तरी चाक वळेना. मागून हॉर्न सुरू झाले. "बाई चालवून राहिली, मग असंच होणार," कुणीतरी ओरडलं. शेजारी अण्णा, "न्हाई, न्हाई."

शेवटी एक ऑटोवाला आला, त्यानं खिडकीतून हात घालून माझ्याबरोबर स्टेअरिंग ओढलं, बाकीच्यांनी मागून ढकललं आणि गाडी बाजूच्या दालमिलच्या आवारात शिरली.

मिलवाल्यांनी पलीकडच्या गॅरेजमधून मिस्त्री बोलावला. त्यानं पंपाचा उतरलेला बेल्ट बाहेर ओढला. त्याची एक कड पार झिजून धागे लोंबत होते. मग खालच्या इंजनाच्या पुलीवर एक सरळ लोखंडी पट्टी टेकवून ती पंपाच्या पुलीपर्यंत धरली.

"बघा ताई, ही पंपाची पुली बाहेर राहिली. शाफ्टवर, ह्या दांड्यावर, पुरती बसलीच न्हाई. बेल्ट तिरपा पळतोय, उतरंल न्हाई तर काय."

"आज होईल?"

"होईल की. पण थांबावं लागंल."

शाफ्टच्या तोंडात बोल्ट अडकवून तो नट आवळत गेला, तशी पुली हळूहळू आत सरकू लागली. मधेच थांबून पट्टी लावायची, डोळा बारीक करून बघायचं. एकदा पुली जरा जास्तच आत गेली, तेव्हा पुन्हा ओढून काढली. मी पट्टी धरून उभी. डाळीचा भुसा घामावर चिकटत होता. आणि गाडीतून अण्णांचं न्हाई, न्हाई. पाणी दिलं, न्हाई. लघवीला जायचंय का विचारलं, न्हाई.

"अण्णा, गप बसा हो जरा!" मी खेकसले.

त्याच वेळी मनात आलं, ही पुली बसूच नये. गाडी इथंच मोडीत निघावी. भावानं गिऱ्हाईक बघूनच ठेवलं होतं. गाडी गेली की कदाचित अण्णा हट्ट सोडतील, कुणाच्याही गाडीत बसतील, आणि एखाद्या महिन्यात माझ्याशिवायही जातील.

पुली बसली. नवा बेल्ट चढवून मिस्त्रीनं इंजन सुरू केलं. किरकिर नव्हती. त्यानं एका बोटानं स्टेअरिंग फिरवून दाखवलं, खाली उतरला आणि पलीकडचं दार उघडलं. "काका, या, तुम्हीच बघा."

मी त्यांचा सीटचा पट्टा सोडायच्या आत अण्णांनी चांगला पाय बाहेर टाकला होता. तेवढा सगळा वेळ त्यांना उतरायचं होतं, आणि मी त्यांना उन्हात बांधून ठेवलं होतं.

आम्ही दोघांनी त्यांना धरलं. ते बॉनेटपाशी थांबले नाहीत. वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेले. हँडब्रेक ओढून आम्ही त्यांना वर बसवलं. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा स्टेअरिंगवर. चाकं डावीकडं वळली, उजवीकडं वळली. खडी करकरली. मिस्त्री हात पुसत बघत उभा राहिला.

डॉक्टरांची वेळ होत आली.

"अण्णा, उतरा आता."

"न्हाई."

या न्हाईचा अर्थ लावावा लागला नाही. मी थांबले, पुन्हा म्हटलं, मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

दवाखान्यात भावाचा फोन आला. "गाडी झाली दुरुस्त? बरं झालं. मग विकायचं पुढं बघू. तू आहेसच की."

"हाव, आहे," मी म्हटलं.

परत येताना अण्णा तोंड फिरवून बाहेर बघत होते. उदगीरच्या वळणावर मी जड स्टेअरिंगच्या सवयीनं खांद्यातून जोर लावला आणि गाडी नको तेवढी वळली.