नदीकाठचे डबे

कॅनडातल्या सस्काटूनमध्ये मी शिकत होते तेव्हा शनिवारी आम्ही डबे शोधायला जायचो. कुणीतरी डबा लपवतं, त्याची जागा ॲपवर टाकतं, आपण फोन धरून शोधायचं, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा परत तिथेच! याला जिओकॅशिंग म्हणतात. डबा घरी आणता येत नाही, किस्सा मात्र दर वेळी घरी यायचाच. आता इतके साठलेत की फोनवर जुनं कुणी भेटलं की तासभर जातोच.

आम्ही चौघं. खाणीत इंजिनियर असलेले नागपूरचे गजभिये दादा, त्यांच्या पत्नी संगीता वहिनी, माझ्याच कॉलेजातला सांगलीचा ओंकार, आणि मी, अकोल्याची प्राजक्ता.

*

पहिलाच डबा. नियम असा की शोधताना इतरांना कळता कामा नये. आम्ही नदीकाठच्या बाकाखाली रांगतोय, तेवढ्यात कुत्रा घेऊन एक गोऱ्या आजी आल्या. "लॉस्ट समथिंग, डिअर?"

ओंकार गडबडला. "कॉन्टॅक्ट लेन्स!"

झालं! आजी गुडघ्यांवर बसल्या. येणारे-जाणारे थांबले. सायकलवालाही उतरला. सगळे गवतात लेन्स शोधतायत आणि दादा माझ्या कानात, "काय करून ठेवलं बे यानं!"

लोक कंटाळून गेले. आजी तेवढ्या उरल्या. त्यांनी बाकाच्या पायामागे हात घातला, डबी काढून ओंकारच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "इथे लेन्स नाही सापडणार. ही मीच लपवलीय!"

*

जानेवारीत एकदा पुलाच्या कठड्याला चुंबकाने चिकटवलेली डबी मिळाली. उणे तीस असेल. हातमोजा काढला की बोटं जातायत की राहतायत, अशी अवस्था. डबी उघडली, कागद काढला, आणि पेन गोठलेलं!

"सही नाही तर शोधलं नाही," दादा म्हणाले. नियम म्हणजे नियम.

वहिनींनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, काडी बुडवली आणि झोकात सही केली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी ॲपवर लिहिलं होतं, "माझ्या आधीची सही वाचता आली नाही. पण वास फार छान आहे. रेसिपी पाठवा!"

*

मोठ्या डब्यात छोट्या वस्तू असतात. एक घ्यायची, आपली एक ठेवायची. दादांनी एकदा बाबासाहेबांचं चित्र असलेली निळी किचेन ठेवली. महिन्याभराने एका माणसाचा मेसेज आला, "किचेन आवडली. हे सूटमधले गृहस्थ कोण?"

दादा त्या दिवशी जेवायचे थांबले! महाडच्या तळ्यापासून संविधानापर्यंत सगळं लिहिलं. ॲप एवढं मोठं घेईना, म्हणून तुकडे करून पाठवलं.

उत्तर आलं, "सगळं वाचलं. थँक यू. माझी बायको म्हणत होती, ते तुमचे बॉस असतील."

दादा खूश! "बरोबर ओळखलं नं तिनं!"

*

ओंकारच्या आईला हा प्रकार पटत नव्हता. "काय मिळतं त्या डब्यात?"

"काही नाही. सही करायची."

"आणि एवढ्यासाठी कॅनडात गेलास?"

पण पुढच्याच फोनला त्यांनी हळूच विचारलं, "आपल्याकडे आहे का रे एखादा?" ओंकारने पाहिलं, तर गावाबाहेरच्या टेकडीवर होता! काकूंनी शेजारणीला घेतलं आणि चढल्या. दोन दिवसांनी सेल्फी आला. दोघी घामाघूम, हातात डबा. खाली लिहिलं होतं, "सही केली. आता तू अभ्यास कर."

*

नवा डबा जाहीर झाला की पहिली सही कोणाची, याला फार मान. आमच्या भागात तो कायम दोन रिटायर्ड भावांचा. पिकअप घेऊन तयारच असायचे. आम्हाला एकदाही जमलं नव्हतं.

एका शनिवारी नवा डबा आला, रेल्वेच्या पुलापलीकडे. दादा खाणीवर, ओंकार आणि मी कामावर. मी ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या खोलीत ब्रेकवर होते. वहिनींचा फोन आला, "प्राजू, मी पुलाशी उभी आहे."

मी उडालेच. वहिनींना उंचीची भयंकर भीती. त्या पुलावर रुळांशेजारी चालायची वाट आहे, लाकडी फळ्यांची, आणि फटींतून थेट नदी दिसते. आम्ही जायचो तेव्हा त्या काठावरच थांबायच्या.

"वहिनी, नका जाऊ."

"जाणारे. तू फक्त बोलत राहा. काहीही बोल."

समोर खोकी रचलेली होती, ती वाचू लागले. "मसूर. हरभरे. राजमा..." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग एकदम खडखडाट! मालगाडी! फोनवर दुसरं काही कळेना. गाडी संपता संपेना. शेवटी आवाज विरला.

"वहिनी? वहिनी!"

"थांबलीस कशाला? राजम्यानंतर काय?"

मी रडत रडत मक्याच्या डब्यांवर गेले.

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, काही तरी खरवडल्याचा, मग झाकण उघडल्याचा. "कागद कोरा आहे, प्राजू! आपल्या टीमचं नाव नाही लिहीत. माझं लिहिते. मराठीत."

तेवढ्यात पिकअपचं दार वाजलं. दोघा भावांचे आवाज. एकजण जवळ येऊन म्हणाला, "ओह, नो!" मग जरा थांबून, बहुतेक कागद निरखत, "व्हॉट डझ इट से, मॅम?"

वहिनी म्हणाल्या, "इट सेज, आय केम फर्स्ट."