मनगट मी पाहिलं होतं

"मनगट खाली वाकव बरं," मी मुलीला म्हणालो. तिनं वाकवलं. आखडलेली बोटं उघडली. मनगट सरळ करायला सांगितलं, तशी बोटं पुन्हा मुठीत गेली.

हा दवाखाना नव्हता. ग्राहक आयोगात सुनावणी चालू होती आणि मी न्याय द्यायला बसलो होतो. जन्मभर हाडांचा डॉक्टर, कायद्याचा गंध नाही. आमच्या आयोगात अध्यक्ष मॅडम कायद्यातल्या, आणि सदस्य माझ्यासारखे, आपापल्या विषयातले जाणकार.

मुलगी करडी गावची, आठ वर्षांची. कोपराजवळ हाड मोडलं, एका खासगी डॉक्टरनं प्लास्टर घातलं. बोटं काळीनिळी पडली, पोर रडत राहिली. फोन केला तर "दुखणारच" असं उत्तर आलं. आता त्यांचे वकील सांगत होते की प्लास्टर सैलच होतं, आईनं नंतर तेल चोळून हात बिघडवला.

आई, मंगला, उभी राहिली.

"साहेब, घरचेबी हेच म्हनून रायले. पोरीले ठेवून मले माहेरी धाडतो म्हनते. मी तेल चोळलं, पन प्लास्टर काढल्यावर. बोटं तं आधीच वाकडी झाली होती. माह्या हातून नाही झालं, एवढं लिहून द्या."

ती खरं बोलत होती. चोळण्यानं कोपर आखडतं. मनगटाबरोबर बोटं अशी उघडमिट करतात ती घट्ट प्लास्टरखाली स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला म्हणून. कुठलाही हाडांचा डॉक्टर हेच सांगेल, असं मी मॅडमना म्हणालो.

"मग सांगू दे की," मॅडम चेंबरमध्ये म्हणाल्या. "सरकारी दवाखान्याचं लेखी मत मागवू."

"मी आहे ना! तीन महिने कशाला घालवायचे?"

"तुम्ही इथे डॉक्टर नाही."

"मग मला घेतलंय कशाला?"

माझ्या हट्टापुढे त्या नमल्या. निकाल मंगलाच्या बाजूनं लागला. मीच लिहिला, मनगटाच्या तपासणीसकट. फार ऐट वाटली तेव्हा.

डॉक्टर अपिलात गेले. वरच्या आयोगानं नेमक्या त्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. सदस्यानं स्वतः तपासलं म्हणजे तो साक्षीदार झाला, मग त्याची उलटतपासणी कोण घेणार? तो परिच्छेद वगळला तर रेकॉर्डवर तज्ज्ञाचा एकही कागद नव्हता. तक्रार फेटाळली गेली. मी ते तीनदा वाचलं. चूक माझीच होती.

मंगला प्रत घ्यायला आली, एकटीच.

"मी आता कारध्याले, माहेरी. पोरगी करडीलेच ठेवली त्याईनं. कोर्टानंबी तुलेच खोटं ठरवलं म्हनते."

"कोर्टानं तसं म्हटलेलं नाही. पुरावा नाही, एवढंच म्हटलंय."

"पन तुमी तं पाह्यलं होतं ना, साहेब?"

"हो."

"मंग काहून नाही चाललं?"

मी समजावत बसलो. ती कागद घडी घालून निघून गेली. मला अजून त्या समजावण्याची लाज वाटते.

आता अशी केस आली की पहिल्याच तारखेला लेखी मत मागवतो. तीन महिने लागतात, थांबतो. कुणी दुखरा हात पुढे केला, तर माझे हात टेबलाखाली ठेवतो.