आपल्या घरचं चॅनल

परवा व्हॉट्सॲपवर कुणीतरी आमच्या सोलापुरातल्या जुन्या केबल चॅनलची धून पाठवली आणि गोल फिरत येणारा तो निळा लोगो डोळ्यांसमोर आला. त्या धुनेनंतर पूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज यायचा, "पाहत राहा, आपल्या घरचं चॅनल!" शेजारचे यंत्रमाग खडखडायचे, म्हणून ते वाक्य मागांच्या सुट्टीच्या दिवशी, चादरीच्या दुकानावरच्या चॅनलच्या खोलीत टेप केलं होतं. बातम्यांआधी ते लागलं की गल्लीतल्या मैत्रिणी चिडवायच्या, "ए घरचं चॅनल, आज जेवायला काय हाय?" ती लटकंच रागवायची, पण रोज त्या वेळी टीव्हीचा आवाज तीच वाढवायची. मग तिचं लग्न ठरलं. होणारे सासरे म्हणाले, "सुनेचा आवाज घरोघरी वाजतोय, बरं दिसत न्हाय." सोयरीक मोडू नये म्हणून तिला न सांगता मीच चॅनलवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्यासमोर तिच्या वाक्यावर दुसऱ्या मुलीचा आवाज भरला. संध्याकाळी धून वाजली, बहिणीनं सवयीनं आवाज वाढवला आणि ऐकून माझ्याकडं वळली. "अण्णा, मला इचारायचं तरी की," एवढंच म्हणाली आणि टीव्ही बंद केला. काल तिच्या घरी गेलो, तेव्हा इथं तुझ्या आईचा आवाज असायचा असं सांगत भाचीला ती धून ऐकवली. "खरंच, आई?" तिनं विचारलं. बहीण भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा कसला आवाज? मामालाच इचार."