दारातून परत गेलेला घास

आमच्या भागात ज्या घरात मृत्यू होतो त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मूठमाती देऊन माणसे परतली की शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात, घरच्यांसमोर बसतात, त्यांना खायला लावतात आणि स्वतःही दोन घास खातात. याला कडू घास म्हणतात. हिंदूंच्या घरी हे होते, आणि आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी पुष्कळ गोष्टी मागे टाकल्या, पण ही टाकली नाही. टाकण्याचे कारणही नव्हते. यात देव नाही, मंत्र नाही, मृताला काही वाहणे नाही. रडून थकलेल्या माणसाच्या पोटात अन्न जावे, एवढीच यातली तजवीज आहे.

हे मी इतके खुलाशाने लिहितो, कारण आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, नव्याने आलेल्या पाळकांना, म्हणजे पाद्र्यांना, ते ठाऊक नव्हते, आणि ते कोणाला विचारावे असेही त्यांना वाटले नाही.

मी नगरच्या कोर्टात एका वकिलांकडे पुष्कळ वर्षे कारकून होतो. नजर अधू झाल्यावर काष्टीच्या बाजारापासून फार दूर नसलेल्या आमच्या गावी परत आलो. मूलबाळ नव्हते. पत्नी मंडळीच्या वतीने गावोगाव फिरून बायकांत काम करीत असे. लोक तिला बायबलबाई म्हणत. पिशवीतले पुस्तक ती क्वचितच बाहेर काढी. आधी जाऊन बसे, शेंगा फोडू लागे, पोर मांडीवर घेई. ‘आल्या आल्या उपदेश केला तर बाया उठून गोठ्यात जातात,’ असे ती म्हणे. तिच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना बहुधा कोरा असे, आणि त्यावरून तिला बोलणीही खावी लागत.

आमच्या घरामागे एका मराठा शेतकऱ्याचे शेत होते. त्याची बायको आणि माझी पत्नी यांची ओळख बांधावर झाली. आमचे पूर्वज महारवाड्यातले. धर्म बदलला, तरी गावाच्या हिशेबात आम्ही होतो तिथेच होतो. त्या घरी माझ्या पत्नीला पाणी वरून ओंजळीत मिळे. पुढे त्या बाईच्या मुलाला मुदतीचा ताप आला, तेव्हा माझी पत्नी ताप उतरेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिली. तेव्हापासून ती बाई तिला अक्का म्हणू लागली, आणि त्या नात्याने मला दाजी. आमच्या ओट्यावर येऊन बसे, माझी थट्टा करी. ‘दाजी, सरकारला कागद पाठवून पाऊस पाडा की एकदा,’ म्हणे. पण आमच्या घरचा पाण्याचा घोटही तिने कधी घेतला नाही. माझ्या पत्नीनेही कधी पुढे केला नाही. ‘तिचं मन येईल तवा ती घेईल,’ एवढेच म्हणे.

ते मन माझ्या पत्नीच्या मरणाच्या दिवशी आले.

दफन करून आम्ही सर्व पुरुष रिवाजाप्रमाणे विहिरीवर हातपाय धुवायला थांबलो. पाळक थांबले नाहीत. शहरात शिकलेले, परप्रांतात वाढलेले गृहस्थ. आम्ही का थांबलो हे त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि ते सरळ माझ्या घराकडे चालू लागले. ते विहिरीवर आमच्याबरोबर थांबले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढे जे घडले ते ओट्यावर बसलेल्या आमच्या मंडळीतल्या बायकांनी मला सांगितले. पाळक दारात पोहोचले आणि मागोमाग ती बाई आली. डोक्यावर टोपले, टोपल्यात भाकरी आणि पितळेच्या पातेल्यात पिठले. स्वतःच्या घरचे पातेले. पाळकांनी विचारले, हे काय. ती म्हणाली, घास आनलाय, मी बी बसते घासाला. पाळकांनी तिला अतिशय सौम्यपणे समजावले की ख्रिस्ती लोक मृतासाठी अन्न ठेवीत नाहीत.

ती म्हणाली, “मेलेल्यासाठी न्हाई. जित्यासाठी आनलंय.”

पाळकांनी मान हलवली आणि ते परत नेण्यास सांगितले. आमच्या बायका गप्प राहिल्या, कारण पाळक बोलत होते. मी विहिरीवरून आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला मला फक्त तिची पाठ आणि डोक्यावरचे टोपले दिसले.

मग पाळक मला हाताला धरून आपल्या बंगल्यावर घेऊन गेले. मला एकटे वाटू नये, हा त्यांचा हेतू. खुर्चीवर बसवले, चहा दिला, डब्यातले बिस्कीट पुढे केले. समोर भिंतीवर घड्याळ टिकटिकत होते. पत्नीला मातीत ठेवून आलेल्या माणसाने काटकोनात बसून बशीत बिस्कीट बुडवावे, अशी ती व्यवस्था होती. बिस्कीट बशीतच विरघळले. मी ते तसेच ठेवून घरी आलो. घरात कोणी नव्हते. माझ्या पत्नीचा घास कोणी खाल्ला नाही.

मृतासाठीचे अन्न पाळकांनी मूर्तीला वाहिलेल्या अन्नात धरले, आणि तसले अन्न खाऊ नये, हा त्यांचा बायबलमधला आधार. ते अन्न कोणत्या मूर्तीला वाहिले, कोणी वाहिले, याचा पुरावा त्यांनी मागितला नाही. आरोप ठेवला, साक्ष घेतली नाही आणि त्याच क्षणी निकाल दिला. ज्या घरात अन्न येणार, त्या घरधन्यालाही विचारले नाही. खालच्यातल्या खालच्या कोर्टात असे चालत नाही.

मी पाळकांना पत्र लिहिले. त्यांनी उत्तरात माझ्यासाठी प्रार्थना करीत असल्याचे कळवले. मी जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या वरच्या समितीला लिहिले. तेव्हा चालू असलेल्या महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या दाव्यांच्या नकलांच्या पाठीवर लिहिले. पत्र पोहोचल्याचे त्यांनी कळवले. मी पुन्हा लिहिले, पुन्हा लिहिले. या जिल्ह्यात सेवेला येणाऱ्या माणसाला बायबलचे मूळ ग्रीक येते की नाही हे तुम्ही तपासता, पण मयताच्या घरी कसे बसावे हे त्याला येते की नाही, हे कोण तपासतो? अशी पत्रे. मंडळीतले लोक मला टाळू लागले. भक्तीच्या वेळी माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. ती बाईही येईनाशी झाली. शेतात दिसे, पण बांधाकडे पाठ करून.

युद्ध संपल्यानंतर उत्तर आले. सदर रिवाज शेजारधर्माचा असून उपासनेचा नाही, सबब त्यास हरकत नाही. पाळकांची तोवर बदली झाली होती. निकाल माझ्या बाजूने लागला होता. तो कागद घेऊन मी बांधावर गेलो.

ती खुरपत होती. मी कागद वाचून दाखवला आणि सोप्या भाषेत सांगितला. तिने खुरपे थांबवले नाही. खुरपता खुरपताच म्हणाली की त्या दिवशी घरी कोणी नसताना ती निघाली होती. परतताना सगळ्या गल्लीने टोपले पाहिले. सासूने पातेले शुद्ध करायला विस्तवात घातले, टोपले जाळले, आणि तिचे ताट कितीतरी दिवस बाहेर पडवीत वाढले.

“आत घेतलं असतं तर म्या समद्यास्नी तोंड दिलं असतं,” ती म्हणाली. “सांगितलं असतं, व्हय, जेवले अक्काच्या घरात. पन जेवलेच न्हाई. तुमी बी घेतलं न्हाई, आन् हितं बी मी बाटलेली.”

मी म्हणालो, ती चूक आता कागदावर दुरुस्त झाली आहे. आता ती घास आणू शकते, आमच्याकडून कोणी अडवणार नाही.

तिने मान वर केली. “आता घास द्यायला तुमच्या घरात उरलंय कोन, दाजी?”

तिच्या तोंडून दाजी हा शब्द मी त्या प्रसंगानंतर प्रथमच ऐकला. मी कागदाची घडी घातली. घास मागे राहिलेल्यांना देतात. आमच्या घरात पुढचा मृत्यू माझा, आणि मागे कोणीही नाही.

घरी येऊन मी समितीला आणखी एक अर्ज लिहिला. माझ्या मरणाच्या दिवशी जर ती बाई टोपले घेऊन दारात आली, तर त्या वेळी जो कोणी पाळक असेल त्याने तिला काही विचारू नये. तिला आत घ्यावे, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसावे आणि तिने दिलेला घास माझ्या घरचा माणूस म्हणून खावा. ती दोन घास खाईपर्यंत उठू नये.

समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही. मी स्मरणपत्रे पाठवीत असतो.